तीन बंदुका आणि तुझा उजवा हात

सावेडी, अहमदनगर
रविवार, १८ जानेवारी १९९८

प्रिय भागिरथी,

सोमवार, दहा नोव्हेंबर १९९७, सकाळी अकरा वाजून पंचवीस मिनिटं. वेळ मी बँकेच्या भिंतीवरच्या घड्याळात पाहिली होती आणि ते माझ्या मनगटावरच्या घड्याळाशी जुळत होतं, तेव्हा वेळेबद्दल वाद नको. त्या मिनिटाला, पाथर्डीत, पेन्शनीच्या हयातीच्या दाखल्यावर, जिथे ‘सही’ असं स्वच्छ छापलेलं आहे त्या जागेवर, निवृत्त मुख्याध्यापिका भागिरथीबाईंचा अंगठा उठला. खाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे. आज एकोणसत्तर दिवस झाले. एकोणसत्तर दिवस मी त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही, आणि मला ओळखणाऱ्या कोणालाही विचार, हा माझ्या आयुष्यातला विक्रम आहे. वर सप्रेम जय भीम लिहिणार होते. पण आज राग प्रेमाहून जास्त आहे, म्हणून नुसतं जय भीम.

माझी पहिली तक्रार अशी, की तू गप्प राहिलीस. तो काउंटरवरचा कालचा पोरगा म्हणाला, ‘आजी, अंगठा चालंल, मागं लाईन हाय,’ आणि तू त्याला काही बोलली नाहीस. तू! जिने शिक्षणाधिकाऱ्याला भर सभेत ‘आपण आधी परिपत्रक वाचून या’ असं सांगितलं होतं! दुसरी तक्रार, त्या दिवसापासून माझ्या तीन पत्रांना तुझं उत्तर नाही. फोन केला की कल्याण घेतो आणि म्हणतो, ‘आई बरी आहे मावशी, झोपली आहे.’ दुपारी बारा वाजता तू कधीपासून झोपायला लागलीस? आणि तिसरी, तुझ्या डॉक्टरांनी मुठीत दाबायला दिलेला रबरी चेंडू तू म्हणे गोठ्यात भिरकावलास. डाव्या हाताने भिरकावलास, हेही मला कळलं आहे. एप्रिलमध्ये झटका आला तेव्हा उजवी बाजू पूर्ण गेली होती. सप्टेंबरात तुझ्या त्याच हातात कप राहू लागला. ही माझ्यासारख्या दवाखान्यात आयुष्य घालवलेल्या बाईलाही नवल वाटावी अशी प्रगती होती. आणि नोव्हेंबरनंतर सगळं बंद. व्यायाम बंद, लिहिणं बंद, बोलणंही म्हणे हो आणि नाही एवढंच. डॉक्टर सांगतात, हात शिकायला तयार आहे, बाई तयार नाहीत. हात असाच पडून राहिला तर बोटं आखडतील आणि मग ती कोणाच्याच बापाच्याने सरळ व्हायची नाहीत. हे मी तुला घाबरवायला लिहीत नाही. तू घाबरत नाहीस हे मला पन्नास वर्षं माहीत आहे.

पन्नास म्हणजे बरोबर पन्नास. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांच्या बोर्डिंगात तुझे वडील रंभाजीकाका तुला घेऊन आले तेव्हा मी व्हरांड्यात शिक्षा म्हणून उभी होते, म्हणून सगळं पाहिलं. प्रवेशाच्या कागदावर त्यांनी अंगठा दिला आणि शाई पुसायला जागा सापडेना, तेव्हा डोक्याचं पागोटं काढून त्याच्या आतल्या बाजूला बोट पुसलं. तू दहा वर्षांची होतीस. तू ते पागोट्यातलं निळं बोट पाहत राहिलीस आणि पहिल्या रात्री माझ्या शेजारच्या खाटेवरून विचारलंस, ‘तुला लिव्हता येतं का? मग मला आमच्या आबाचं नाव दाव.’ मी मोठ्या ऐटीत दाखवलं. महिन्याभरात तुझं अक्षर माझ्याहून चांगलं झालं आणि सिस्टर माझ्या बोटांवर पट्टी मारताना तुझी वही समोर धरू लागल्या. तेव्हापासून मी तुझ्यावर जळत आले आहे. आज कबूल करते, कारण आज तू प्रत्युत्तर देत नाहीस आणि ती संधी सोडवत नाही.

पुढे तू मुख्याध्यापिका झालीस आणि तुझ्या शाळेत पालकाचा अंगठा घ्यायचा नाही असा नियम केलास. सरकारचा नव्हे, तुझा. शाईचं पॅड कपाटात कुलूपबंद. म्हणायचीस, शिक्का शाळेचा असतो, माणसाचा नसतो. मी एकदा दिवाळीनंतर तुझ्याकडे आले होते, ऊसतोडीच्या ट्रका निघायचे दिवस. केशरबाई नावाची बाई पोराला तुझ्या हवाली करून जायला आली होती. बाहेर ट्रक भरलेला, वर बिऱ्हाडं, कोंबड्या, चूल, सगळं. तू तिच्यासमोर रजिस्टर ठेवलंस. ती म्हणाली, ‘बाई, ह्यो हात कोयत्याचा हाय, त्याला प्येन न्हाई धरवत.’ तू म्हणालीस, ‘कोयता जड असतो का पेन?’ बाहेरून मुकादम ओरडतोय, ‘ओ बाई, सोडा की तिला, ट्रक खोळंबलाय!’ आणि तू खिडकीतून म्हणालीस, ‘खोळंबू द्या. ट्रकला परत परत जायचं आहे, हिला एकदाच लिहायचं आहे.’ पाऊण तास. मी मनगटावरचं घड्याळ पाहत होते आणि मनात म्हणत होते, ही बाई वेडी आहे. केशरबाईने नाव लिहिलं. मग ट्रकमध्ये चढल्यावर ती वरून एवढं हसली, की मुकादमालाही हसू आलं. तुझ्या त्या वेडाइतकं मोठं काम माझ्या सबंध नोकरीत माझ्या हातून झालं नाही. हे तोंडावर सांगायला मला अजून दहा वर्षं लागली असती.

तर आता मुख्य विषय. सोबतच्या पार्सलात दोन बंदुका आहेत. किंचाळू नकोस. खेळण्यातल्या आहेत. गोळीच्या जागी स्पंजाचा बाण, करंगळीएवढा, पुढे मऊ रबरी टोपी. डोळे सोडून कुठेही लागला तरी काही होत नाही. मी स्वतः कपाळावर खाल्ला आहे. माझा भाचा प्रशांत नाताळच्या सुट्टीत अमेरिकेहून आला, त्याच्या सात वर्षांच्या रोहिणीने मी पेपर वाचत असताना नेम धरला. लागलं काहीच नाही, अपमान मात्र पुष्कळ झाला. मी तिला रागवायला उठले आणि तिच्या हातांकडे बघतच राहिले. डाव्या हाताने नळी धरायची. उजव्या मुठीत मागचा दांडा धरून ओढायचा. मूठ सोडायची. बोटं लांब करून बाण चिमटीत धरायचा, नळीत बसवायचा. मनगट सरळ. मग एकटं पहिलं बोट वाकवायचं, बाकीची स्थिर. भागिरथी, तुझ्या व्यायामाच्या कागदावर जे सहा प्रकार लिहून दिले आहेत आणि जे तू दिवसातून दहा वेळाही करत नाहीस, ते सगळेच्या सगळे ही पोरगी तासाभरात दोनशे वेळा करत होती, आणि तिला जेवायला ओढून न्यावं लागत होतं.

आणि मला तू आठवलीस. बाजरीच्या राखणीला माळ्यावर उभी राहून गोफण फिरवणारी, जिचा दगड पाखराला न लागता पाखराच्या शेजारच्या कणसाला लागायचा, कारण ‘पाखरू उडालं म्हंजे झालं, मारायचं कशाला’. बोर्डिंगच्या कुंपणाबाहेरचं कवठ तू दुसऱ्या मजल्यावरून पाडलं होतंस आणि शिक्षा मी भोगली होती. अशा बाईच्या हातात रबरी चेंडू देणाऱ्या डॉक्टरांना औषधं कळतात, माणसं कळत नाहीत.

खरेदीच्या बाबतीत माझी एक सवय तुला माहीत आहे. एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात कापूस घ्यायचा तरी तीन कोटेशनं आणि त्यांचा तुलनात्मक तक्ता केल्याशिवाय आम्ही घेतला नाही. तेव्हा एका बंदुकीवर मी निर्णय देणं शक्य नव्हतं. पहिली प्रशांतची, अमेरिकेची, पिवळी-जांभळी, दिसायला पिचकारीच्या सासूसारखी. दुसरी शेजारच्या आबासाहेबांकडची, त्यांच्या मुलाने दुबईहून पाठवलेली. नातू आता टीव्हीला जोडायचे खेळ खेळतो, म्हणून ती कपाटावर धूळ खात होती. तिला सहा बाणांचं फिरतं चक्र आहे आणि दांडा मागे नाही, नळीखाली आहे, सबंध तळव्याने मागेपुढे सरकवायचा. तिसरी मी कापडबाजारातून आणली. दुकानदाराने विचारलं, ‘नातवाला का आजी?’ म्हटलं, मैत्रिणीला. ‘केवढी हाय पोरगी?’ म्हटलं, साठ. त्याने बंदूक देताना माझ्याकडे दोनदा पाहिलं आणि बाण चार जास्त टाकले. अशा भीतीचा मला नोकरीत नेहमीच उपयोग झाला.

प्रशांतने पहिली स्क्रू काढून उघडून दाखवली. मला वाटलं होतं आत काय यंत्र असेल. आत आपली इंजेक्शनची सिरिंज! तसाच दट्ट्या, तशीच नळी, मागे एक स्प्रिंग. दांडा ओढला की स्प्रिंग दबते, चाप दाबला की दट्ट्या पुढे धावतो, हवा बाणाच्या बुडाला ढकलते. बाण पोकळ असतो, म्हणून हवा धरतो. इतकं साधं, की आयुष्यभर ती वस्तू हातात असून आपल्याला कसं सुचलं नाही याची लाज वाटावी. ज्याने कोणी हे शोधलं त्याला मी मनोमन सलाम केला. दुखापत न करता नेम धरायचा आनंद द्यायचा, ही बुद्धी लहान नाही.

मग गच्चीवर चाचणी. शिवणाच्या टेपने अंतर मोजलं, पाण्याच्या टाकीवर खडूने वर्तुळ काढलं. प्रत्येकीचे दहा बाण. दुपारी वारा असतो म्हणून सकाळी साडेसहाला. बनुबाई धुणं वाळत घालायला वर आली आणि बादली धरून उभीच राहिली. ‘बाई, लोक काय म्हनत्याल? म्हनत्याल मेट्रनबाईच्या डोस्क्याचं काईतरी झालं.’ मी म्हटलं, बाण गोळा कर. तिने चार गोळा केले, पाचव्याला म्हणाली, ‘मला द्या की एक डाव,’ आणि पहिल्याच फटक्यात वर्तुळाच्या आत! तेव्हापासून धुणं उशिरा वाळतं.

अमेरिकेचीचा बाण बत्तीस फुटांवर गेला. दुबईची बावीस, आणि कापडबाजारची तेरा. तीही मध्येच लाजून खाली पडते. तिचा बाण शोधायला फार चालावंही लागत नाही. मी तक्त्यात अमेरिकेला पहिला नंबर दिला, खाली सही केली, तारीख घातली. पेनाचं टोपण लावल्यावर लक्षात आलं, की मी फार मोठी गाढव आहे. किती लांब जातो हे मी मोजलं, पण ओढायला किती जोर लागतो ते मोजलंच नाही. सगळ्या चाचण्या मी माझ्या धडधाकट उजव्या हाताने केल्या होत्या. खरेदी समितीत आम्ही नेहमी हीच चूक करायचो. खाट घ्यायची, तर डॉक्टर तिच्यावर हात दाबून बघायचे, आजारी माणसाला तिच्यावर कोणी झोपवून बघायचं नाही.

तक्ता फाडला. नवजात बाळांना झोळीत घालून वजन करायचा तो आकड्याचा ताणकाटा माझ्याकडे आहे, निवृत्तीच्या वेळी मुलींनी आठवण म्हणून दिलेला. तो दांड्याला अडकवून ओढला. अमेरिकेचीला साडेपाच किलो लागतात. म्हणजे तीन महिन्यांचं गुटगुटीत बाळ एका मुठीत उचलण्यासारखं. दुबईची तीन किलो, चांगलं जन्मलेलं बाळ. कापडबाजारची सव्वा किलो, जी बाळं आम्ही कापसात गुंडाळून ठेवायचो आणि जगतात का बघायचो, ती. जगायची गं पुष्कळशी. मग माझा संधिवाताचा डावा हात, त्यावर जाड लोकरी मोजा चढवून सगळं पुन्हा केलं. अमेरिकेची हललीसुद्धा नाही. मूठ वळली तरी दांड्याची कडी पहिल्या बोटातच अडकवावी लागते, आणि तुझं तेच बोट अजून आळशी आहे. कापडबाजारची लगेच जमली, तिचा चाप रुंद आहे, दोन बोटं मावतात. दुबईची सातव्या प्रयत्नाला जमली, आणि जमली तेव्हा मी गच्चीवर एकटीच ओरडले. खालून आबासाहेबांनी ‘काय झालं हो?’ म्हणून विचारलं.

म्हणून नव्या तक्त्यात शेवटची पहिली आली. आधी कापडबाजारची घे, रोज तीस बाण, पंधरा दिवस. बाण वेचायचं कामही उजव्या हातानेच, तो अर्धा व्यायाम आहे. मग दुबईची. नेम धरायला कल्याणच्या काचेच्या कपाटातले ते क्रिकेटचे कप बरे पडतील, तसेही ते कोणी बघत नाही. अमेरिकेची प्रशांतने मला ठेवायला दिली आहे. ती इथे टाकीजवळ आहे. ती तुला इथे येऊन ओढावी लागेल.

एवढं लिहून मी चहा करून आले. कारण आता जे लिहायचं आहे ते टाळण्यासाठीच मी बत्तीस फूट आणि साडेपाच किलो लिहीत बसले होते. सहा जानेवारीला शुभांगी माझ्याकडे आली होती. तुझी सून गुणी आहे, आणि भित्री आहे, तुला न सांगता आली. तिने पिशवीतून घडी घातलेला एक कागद काढला. तुमच्या शाळेच्या जुन्या सहामाहीची प्रश्नपत्रिका, इतिहासाची. पाठच्या कोऱ्या बाजूला अकरा वेळा तुझं नाव. पहिलं कोणालाच वाचता येणार नाही. चौथ्यात ‘भा’ उभा राहिला आहे. नवव्यावर शिरोरेषा आहे, वाकडी आहे, पण तुटलेली नाही. अकरावं मी पन्नास वर्षं ओळखते ते अक्षर आहे, जरा म्हातारं झालेलं. शुभांगी म्हणाली, ती भाकरी करत असताना तू रोज सकाळी चुलीसमोरच्या पाटावर तीन आठवडे हे करत होतीस. हा कागद दहा नोव्हेंबरच्या सकाळचा. तू तिला बजावलं होतंस, ‘मुक्ताला सांगू नको. मी तिच्यासमोर बँकेत सही करणार आहे. बघू तिचं तोंड कसं होतं.’

भागिरथी, काउंटरवर तू हात पुढे केला होतास तो पेनासाठी. तो हळू येत होता, थरथरत होता, आणि मला एकची नगरची एस.टी. पकडायची होती. मी तो हात मध्येच धरला. तुझा अंगठा शाईवर दाबला, डावीकडून उजवीकडे फिरवला, कागदावर टेकवला, रुमालाने पुसला. चार सेकंद लागले असतील. एकतीस वर्षं ऑपरेशनच्या संमतीपत्रांवर मी असेच अंगठे घेतले, हजारो घेतले, आणि मी घेतलेला अंगठा कधीही फिसकटत नाही याचा मला अभिमान होता. त्यातल्या एकीलाही मी विचारलं नाही, की बाई, तुला नाव लिहिता येतं का? तुलाही नाही विचारलं. मग मी खाली माझी कॉन्व्हेंटची झोकदार सही केली आणि तिच्याखाली रेघही मारली. तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, तू आभार मानते आहेस. गुन्हा त्या पोराचा नव्हता, तुझ्या गप्प बसण्याचा नव्हता. तुझा हात मी हिसकावला. हे पत्र तेवढ्यासाठी आहे. माफ कर, हे लिहिणं मला साडेपाच किलोपेक्षा जड गेलं.

मी परवा पाथर्डीला येऊन तुझ्या बँकेच्या साहेबांना भेटले आणि तुझ्या घराकडे न वळता परत गेले, तेवढं धैर्य नव्हतं. ते म्हणतात, फेब्रुवारीअखेर बाईंनी सही करून नवा दाखला दिला तर अंगठ्याचा कागद रद्द करू, नाहीतर खात्याला ‘अंगठा’ हीच नोंद राहील. कोरा दाखला सोबत जोडला आहे. तो तुझा तू पाहा, मी त्याला हात लावणार नाही. मला मात्र उत्तर हवं आहे, आणि ते लेखी हवं आहे. तुझ्या उजव्या हाताने. कल्याणने किंवा शुभांगीने लिहिलेलं मी परत पाठवीन. प्रेमळच असलं पाहिजे असं नाही. ‘हलकट’ या शब्दाला काना नाही, मात्रा नाही, हाताला हलका आहे आणि मला लागूही पडतो. एवढा एकच शब्द असला तरी चालेल. शनिवार, २८ फेब्रुवारी, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे. त्या दिवशी पोस्टमन येईपर्यंत मी फाटकापासून हलणार नाही.

तुझी अपराधी आणि तरीही तुझीच,
मुक्ता